अंधेरी हा बाजार, दादर हे माहेर : मुंबईत नट व्हायला येणाऱ्यांसाठी

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांचे निकाल लागले की मला गावाकडून फोन यायला लागतात. "दादा, रौप्यपदक मिळालं अभिनयाचं, येतोय मुंबईला." कधी येतोयस? "परवाच्या देवगिरीने." राहणार कुठे? "बघू की." मी पण असाच आलेलो, परभणीहून, एक सॅक आणि पेपरातल्या बक्षिसाच्या बातमीचं कात्रण घेऊन, आणि ते कात्रण आजपर्यंत कुणीही बघायला मागितलेलं नाही. प्रत्येकाला फोनवर तासभर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर टाइप करून ठेवतो, पुढच्या वेळी "हे वाच आणि मग फोन कर" म्हणता येईल.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आपली पोरं येतात आणि थेट अंधेरीला, जिथे मालिका-सिनेमांची ऑडिशनं होतात, जाऊन बसतात. तिथे दिल्ली, भोपाळ, पाटणा, लखनौ, सगळीकडची पोरं आलेली असतात, त्यातली कितीतरी आपल्यापेक्षा चांगलं हिंदी बोलणारी, आणि त्या गर्दीत आपण अजून एक. पण त्यांच्याकडे नसलेली एक गोष्ट आपल्याकडे आहे. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकावर चालणारी मराठी रंगभूमी याच शहरात आहे आणि तिच्यात मागच्या दाराने, म्हणजे बॅकस्टेजचं काम करत, शिरता येतं. म्हणून अंधेरी हा बाजार धरा आणि या रंगभूमीचं दादर हे माहेर.

आधी पैसे, अभिनय नंतर

सहा महिन्यांचा खर्च हातात असल्याशिवाय गाडीत बसू नका. डोंबिवली-कल्याणकडे तिघाचौघांत खोली घेतली तर भाडं, खाणं, रेल्वेचा पास, रिचार्ज धरून महिन्याला १५ हजारांच्या आसपास भागतं, अंधेरी पश्चिमेला तेच २५ च्या पुढे जातं. डिपॉझिट वेगळं, आणि ब्रोकर मधे असेल तर एक महिन्याचं भाडं त्याचं. म्हणजे काटकसर करूनही सव्वा ते दीड लाख.

सहाच महिने का, तर टीव्हीच्या कामाचे पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. समजा तुम्ही एवढे नशीबवान की दुसऱ्याच महिन्यात मालिकेत चार दिवसांचं काम मिळालं, तरी खात्यात पैसे दिसायला पाचवा-सहावा महिना उजाडतो. मधल्या काळात उधारीवर जगणारा माणूस ऑडिशनला गेला की ते तोंडावर दिसतं, आणि खोटं वाटेल पण कॅमेऱ्यात सगळ्यात आधी तेच दिसतं.

एवढे नसतील तर वर्षभर गावात नोकरी करा, सोबत एकांकिका करा. पंचविसाव्या ऐवजी सव्विसाव्या वर्षी आलात तर काही बिघडत नाही. नवाजुद्दीन सिद्दीकी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून (एनएसडी) १९९६ ला बाहेर पडले, १९९९ ला एका मोठ्या सिनेमात एका सीनपुरते दिसले, आणि लोक नावाने ओळखायला लागले ते २०१२ मध्ये. तेही एनएसडी करून.

गावातच उरकून यायच्या गोष्टी

एक, हिंदी. आपल्याला वाटतं हिंदी येतं, येत नसतं. आपण "है", "मैं", "और" हे मराठीसारखे अइ-अउ करून म्हणतो, हिंदीत तो स्वर एकसंध आणि उघडा असतो. "फिर" मधला फ आपण ओठ चावून "फोन" सारखा काढतो, तिथे तो नुसता फुंकरीचा पाहिजे. हे कळलं की निम्मं काम झालं. आकाशवाणीच्या हिंदी बातम्या लावा, एकेक वाक्य थांबवून मागोमाग म्हणा, रेकॉर्ड करा, रोज २० मिनिटं. तीन महिन्यांत फरक पडतो.

दोन, आपली बोली मारू नका. मला कॉलेजात सरांनी मराठवाडी काढून टाकायला लावली आणि इथे आल्यावर पहिलं काम मिळालं ते मराठवाडी बोलता येतं म्हणून. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी, कोल्हापुरी, जे काही घरचं आहे ते आणि प्रमाण मराठी, दोन्ही बटण दाबल्यासारखं बदलता आलं पाहिजे. दुसऱ्याची बोली मात्र येत नसेल तर येते म्हणू नका, सेटवर त्या भागातला एक तरी माणूस निघतोच, बहुतेक वेळा लाइटवाला.

तीन, टू-व्हीलर आणि कारचं लायसन्स, पोहणं, जमलं तर लाठीकाठी आणि घोडा. ऐतिहासिक मालिका सतत चालू असतात आणि "घोड्यावर बसता येतं का" हा प्रश्न खरंच विचारतात. गावाकडे हे सगळं फुकटात किंवा ओळखीत शिकता येतं, मुंबईत त्याचे पैसे पडतात.

शिक्षणाचं विचाराल तर दिल्लीची एनएसडी, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट म्हणजे एफटीआयआय, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची कलिन्यातली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स, यातल्या कुठे प्रवेश मिळत असेल तर डोळे झाकून जा. अभिनय शिकवतात हे आहेच, पण खरा फायदा बॅचचा, तुमच्यासोबतचं कुणी लेखक होतं, कुणी दिग्दर्शक, कुणी कास्टिंगमधे (म्हणजे भूमिकेसाठी नट निवडण्याच्या कामात), आणि दहा वर्षं तेच एकमेकांना कामं देत राहतात. तीन महिन्यांच्या महागड्या खासगी अॅक्टिंग क्लासबद्दल मी फार काही बोलत नाही, कॅमेऱ्याची भीती जाते एवढं खरं, त्यांचं सर्टिफिकेट बघून काम मिळालेलं एकही माणूस मला भेटलेलं नाही.

राहायचं कुठे

अंधेरी पश्चिम, वर्सोवा, यारी रोड, चार बंगला, सात बंगला हा कास्टिंगचा पट्टा. वर्सोव्याचं आराम नगर तर ऑडिशनचं गावच, जुन्या बैठ्या घरांमधे ऑफिसं आणि तालमीच्या जागा. साहजिकच सगळ्यांना तिथेच राहायचं असतं. मी म्हणेन पहिली दोन वर्षं गरज नाही. हल्ली बरीचशी पहिली फेरी घरून व्हिडिओ पाठवूनच होते.

डोंबिवली-ठाणे-मुलुंड बाजूला राहणाऱ्यांसाठी सोपी वाट म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो १ धरायची, ती थेट वर्सोव्याला सोडते, पुढे रिक्षा. दादर करून अंधेरीला जायचा द्राविडी प्राणायाम करू नका, विशेषतः इस्त्री केलेला शर्ट घालून. आणि ठाण्याच्या बाजूचा अजून एक फायदा असा की मराठी मालिकांचे बरेच सेट घोडबंदर रोडला असतात, बाकीचे गोरेगावच्या फिल्मसिटीत, मढला, किंवा मीरा रोड-नायगावकडे. सकाळी ७ चा कॉल (सेटवर हजर व्हायची वेळ) असेल तर कुठून किती वेळ लागतो हे आधी एकदा रिकाम्या दिवशी जाऊन बघा.

घर बघताना ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स तुमच्या नावाने किंवा निदान तुमचं नाव त्यात घालून करून घ्या. सोसायटीवाले "अॅक्टर लोकांना देत नाही" म्हणतात, खूपदा म्हणतात. खोटं बोलू नका, पण जी काही पार्ट टाइम नोकरी असेल ती आधी सांगा.

पोटासाठी काय करायचं

नोकरी अशी पाहिजे की सकाळी ११ ला फोन आला तर दुपारी ३ ला आराम नगरात पोचता आलं पाहिजे. नऊ ते सहा ऑफिस यात बसत नाही. माझ्या आसपासच्या पोरांनी केलेली कामं सांगतो : शिकवण्या, शाळांची गॅदरिंग बसवणं (नोव्हेंबर ते जानेवारी यात बरे पैसे सुटतात), रात्रीचं कॉल सेंटर, मराठी डबिंग, भाषांतर, लग्नात अँकरिंग. यातलं डबिंग सगळ्यात चांगलं कारण पैसे मिळतात आणि वर दुसऱ्याच्या ओठावर बोलायची सवय लागते, जी पुढे स्वतःच्या सीनचं डबिंग करताना कामाला येते. रात्रीचं कॉल सेंटर मी सात महिने केलं. चेहरा सुजतो, डोळ्याखाली काळं येतं, करू नका.

गर्दीत उभं राहायचं ज्युनिअर आर्टिस्टचं काम हा लोकांचा आवडता वादाचा विषय. सेट कसा चालतो हे बघायला दोनचार दिवस गेलात तर चालेल, पण तिथून बढती मिळून कुणी भूमिकेपर्यंत पोचतं अशी शिडी नाहीये, दोन्हीचं कास्टिंग करणारी माणसंच वेगळी असतात.

आता दादर

दादर म्हणजे नुसतं दादर नाही. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, ठाण्याचं गडकरी रंगायतन आणि घाणेकर, मुलुंडचं कालिदास, डोंबिवलीचं फुले, ही सगळी नाट्यगृहं मिळून एक गाव आहे आणि त्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. ज्या नटांच्या तारखा मालिकेत लागलेल्या असतात तेच शनिवार-रविवारी नाटकाचे प्रयोग करतात, मालिका लिहिणारे लेखक एकांकिका स्पर्धांचे परीक्षक असतात. या गावात तुमचं तोंड ओळखीचं झालं की कास्टिंगचा अर्धा रस्ता संपला.

शिरायचं कसं? रविवारच्या पेपरात नाटकांच्या जाहिराती बघा, एखाद्या नाटकाचा दुपारचा प्रयोग निवडा, सगळ्यात स्वस्त तिकीट काढून बाल्कनीत बसून नाटक नीट बघा. प्रयोगानंतर आत जा, पण मुख्य नटाला भेटायला रांग लावू नका, तिथे सेल्फीवाल्यांची गर्दी असते आणि तो दमलेला असतो. सूत्रधाराला गाठा. व्यावसायिक नाटकात सूत्रधार म्हणजे प्रॉडक्शन मॅनेजर, तारखा, गाड्या, माणसं सगळं त्याच्याकडे. त्याला सरळ सांगा की बॅकस्टेज करायचंय, नेपथ्य लावायला, प्रॉपर्टी (रंगमंचावर लागणाऱ्या वस्तू) सांभाळायला, म्युझिक ऑपरेट करायला, काहीही. पहिल्यांदा "बघू" म्हणेल. तिसऱ्या रविवारी पुन्हा दिसलात तर नंबर घेईल. मेच्या सुट्टीत प्रयोग वाढतात, माणसं कमी पडतात, तेव्हा तुमचा नंबर लागतो.

बॅकस्टेजला प्रयोगामागे मिळणारे पैसे, म्हणजे ज्याला आपल्याकडे नाइट म्हणतात, ती किरकोळ असते. पण विंगेत उभं राहून एकच नाटक ४० वेळा बघायला मिळतं. एकच हशा आज का आला आणि काल का नाही आला, नटाने कुठे अर्धा सेकंद जास्त घेतला, हे प्रेक्षकात बसून कळत नाही. आणि मग येते रिप्लेसमेंट. चालू नाटकातल्या छोट्या भूमिकेतल्या नटाला मालिका लागते, शुक्रवारी तो "येत नाही" सांगतो, रविवारी ठाण्याला प्रयोग लावलेला आहे, आणि पूर्ण संहिता पाठ असलेला एकच माणूस उपलब्ध असतो, तो विंगेत टेबल सरकवत असतो. मला स्वतःला पहिली व्यावसायिक एन्ट्री अशीच मिळाली, वेटरची, सहा वाक्यं, पहिल्या प्रयोगात त्यातली चारच बोललो.

म्हणून ज्या नाटकाला बॅकस्टेज कराल त्यातल्या आपल्या वयाच्या दोन भूमिका गुपचूप पाठ ठेवा. कुणाला सांगू नका, विचारल्यावरच सांगा, नाहीतर ज्याची भूमिका आहे तो तुमच्याकडे बघायचा बंद होतो.

दुसरं दार एकांकिकांचं. सवाई, लोकांकिका, आयएनटी या स्पर्धांच्या वेळी मुंबईच्या कॉलेजांचे ग्रुप रात्र रात्र तालमी करतात. कॉलेजात नसाल तर खुल्या स्पर्धांचे हौशी ग्रुप बघा, त्यांना तालमीला वेळेवर येणारा माणूस कायम हवा असतो. सवाई २५ जानेवारीच्या रात्री सुरू होते आणि पहाटेपर्यंत चालते, ती एकदा तरी बघाच, इंडस्ट्रीतली निम्मी माणसं तिथे चहा पीत उभी असतात.

ऑडिशन आणि सेल्फ टेप

आधी इंट्रो व्हिडिओ. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, कमरेपासून वर. नाव, वय, उंची, सध्या कुठे राहता, कुठल्या भाषा, मग डावी-उजवी प्रोफाइल. जाहिरातीसाठी हातही दाखवायला सांगतात, पुढून-मागून, म्हणून नखं कापा. मागे साधी भिंत, खिडकी तुमच्या समोर, पाठीमागे नाही, आणि पंखा बंद. केलेल्या कामाची यादी इंट्रोत वाचू नका.

सीनचा टेप करताना समोरच्याचे संवाद वाचायला माणूस लागतो, रूममेटला बसवा, तो कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी आणि त्याने हळू बोलायचं. तुम्ही लेन्समधे न बघता त्याच्याकडे बघायचं. बाल्कनीपर्यंत आवाज पोचवायची आपल्याला सवय असते आणि मग शेरा येतो "लाऊड आहे" किंवा "नाटकी". यावर पोरं सगळंच कमी करून टाकतात आणि मेल्यासारखं बोलतात. कमी करायचा आहे तो आवाज, कारण माइक हातभर अंतरावर आहे. मनातली ऊर्जा तेवढीच पाहिजे. आणि वाक्यागणिक मान हलवणं, भुवया उडवणं बंद, जे शब्दात आहे ते चेहऱ्याने परत सांगायची गरज नसते.

दोन टेक पाठवा, पाच नको. फाइलला नाव, वय, उंची आणि फोन नंबर असं नाव द्या, "फायनल फायनल २" नाही. ड्राइव्हची लिंक पाठवत असाल तर ती कुणालाही उघडता येईल अशी सेटिंग करा. हसू नका, परवानगी मागणारी लिंक कुणीही उघडत बसत नाही, समोर अजून दोनशे टेप असतात. पाठवल्यावर "मॅम बघितलं का" असा मेसेज करू नका. सिलेक्ट झालात तर ते फोन करतात, नाही झालात तर बहुतेक वेळा काहीच कळत नाही.

प्रत्यक्ष ऑडिशनला गेलात आणि दारातच "नॉट फिट" म्हणाले तर वाद घालू नका, ते उंची, वय, समोरच्या भूमिकेशी जुळणारा चेहरा यावर असतं. "शॉर्टलिस्ट" म्हणजे काही नाही. "लॉक" म्हणजे बहुतेक. लुक टेस्ट (मेकअप-कपड्यात कसे दिसता ते बघणं) आणि मॉक शूट (चाचणीचं शूटिंग) झालं, तारखा लेखी आल्या, मग घरी सांगा. मी शॉर्टलिस्टलाच आईला सांगितलं आणि तिने अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, पुढचं सांगत नाही.

पैसे मागणारा कास्टिंगवाला नसतो

आल्याच्या दुसऱ्या महिन्यात अंधेरीतल्या एका ऑफिसात माझ्याकडून १८ हजार घेतले, पोर्टफोलिओ (फोटोंचा संच) कंपल्सरी आणि "आर्टिस्ट कार्ड" म्हणून. कार्ड लॅमिनेट केलेलं होतं, त्याला दोरी पण होती. महिनाभराने गेलो तर तिथे मोबाइल रिपेअरिंग. रजिस्ट्रेशन, वर्कशॉप, ड्रेसचं डिपॉझिट, परदेशी शूटच्या व्हिसाची फी, नावं वेगवेगळी असतात. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. कोऑर्डिनेटर (काम मिळवून देणारा मध्यस्थ) असेल तर त्याचं कमिशन तुमचे पैसे आल्यावर त्यातून जातं, आधी नाही. कलाकारांची सिंटा ही संघटना खरी आहे आणि तिची मेंबरशिप फी असते, पण ऑडिशन द्यायला कुठलंच कार्ड लागत नाही. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी.

मुलींसाठी, माझ्या मैत्रिणींनी सांगितलेलं जसंच्या तसं : ऑडिशन ऑफिसात किंवा स्टुडिओत, दिवसा. फ्लॅटवर, हॉटेलच्या रूमवर, "सर रात्रीच फ्री असतात" असं असेल तर जायचंच नाही, काम गेलं तरी चालेल. नवीन ठिकाणी सोबत कुणाला तरी न्या, लोकेशन शेअर चालू ठेवा. कपडे आणि जवळिकीचे सीन याबद्दल काम घेण्याआधीच मेसेजवर लेखी विचारा. २०१३ चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा शूटिंगच्या सेटलाही लागू होतो, दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते, तिच्यात कोण आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

काम मिळाल्यावर

मालिकेत दिवसावर पैसे ठरतात. हो म्हणण्याआधी विचारा : महिन्यात किमान किती दिवस, शिफ्ट किती तासांची (१२ धरून चाला), पैसे किती दिवसांनी, येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, कपडे कोणाचे, आणि दुसऱ्या चॅनलला किंवा नाटकाला काम करता येईल का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. करारात दुसरीकडे काम न करण्याची अट असेल आणि दिवस मात्र महिन्याला पाचच मिळत असतील तर तुम्ही बांधले गेलात आणि उपाशी पण. नाटकाच्या प्रयोगांची सूट आधीच लिहून घ्या, मराठीत ती देतात, मागितली तर.

सेटवर पानं त्या दिवशीच हातात पडतात. चार पानं अर्ध्या तासात पाठ करायची सवय घरी लावा. मास्टर (सगळा सीन दुरून), सजेशन (समोरच्याच्या खांद्यावरून), क्लोज (नुसता चेहरा) असा एकच सीन तीनदा होतो आणि दर वेळी चहाचा कप त्याच शब्दावर उचलायचा असतो, नाहीतर एडिटर शिव्या घालतो. नाटकवाल्यांना हे जड जातं, आपण दर प्रयोगाला थोडं वेगळं करण्यात मजा मानतो.

बिल करताना पॅन लागतो, पैशातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापतात. उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, आयकर खात्याच्या साइटवर तुमच्या नावाने कापलेला दिसतोय ना तेवढं बघा. मी दोन वर्षं भरलंच नाही, पैसे सरकारकडेच राहिले.

आणि एक, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. मालिकेत तुमचा ट्रॅक (तुमच्या पात्राची गोष्ट) संपतोय हे तोंडावर कुणी बोलत नाही, पुढच्या आठवड्याच्या शेड्यूलमधे तुमचं नाव नसतं एवढंच. पैसे ९० दिवस मागे चालत असतात, म्हणून काम थांबल्यावरही तीन महिने खात्यात रक्कम येत राहते आणि वाटतं सगळं ठीक आहे. चौथ्या महिन्यात एकदम काहीच येत नाही. तेव्हा ज्या आठवड्यात नाव दिसलं नाही त्याच आठवड्यात नवा इंट्रो शूट करा, दाढी वाढवली असेल तर त्यासकट आणि काढून असे दोन, आणि रविवारी दुपारी बाल्कनीचं तिकीट काढून जुन्या सूत्रधाराला भेटून या.